पडणारी काच धरायची नाही

सोमवार, ४ मार्च

आज बाबा स्टुलावरून पडले. मी समोरच उभा होतो. हात लांब केला असता तर सहज पोचला असता, इतका जवळ. आणि मी काय केलं? दोन्ही हात खांद्याच्या वर नेले आणि एक पाऊल मागे सरकलो!

काचेच्या धंद्यातला पहिला नियम आहे तो. पडणारी काच धरायची नाही. हात वर, पाय मागे, पडू द्यायची. ज्यांनी धरली त्यांची बोटं मी पाहिली आहेत. हा नियम मला खुद्द बाबांनी शिकवला, शाळा संपल्या संपल्या, टाकाऊ काचांचे तुकडे मुद्दाम माझ्यासमोर सोडून सोडून. तो आता अंगात इतका मुरला आहे की स्वयंपाकघरात ताटली निसटली तरी माझे हात वर जातात. पाहुण्यांना वाटतं कुणी पिस्तूल रोखलं. पण ताटली वेगळी आणि बाप वेगळा, हे हातांना कोण सांगणार?

लागलं फार नाही. कमरेखाली काळंनिळं झालंय, कोपर खरचटलं. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, नशीब समजा. बाबा फरशीवर बसल्या बसल्या मला म्हणाले, "बरोबर केलंस. नियम म्हणजे नियम." वर हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवार, ६ मार्च

घर वर, दुकान खाली, मधे जिना. सकाळी बाबांना खाली न्यायला मी हात पुढे केला. त्यांनी हाताकडे पाहिलं. मग माझ्या बाजूने वळसा घालून हाक मारली, "सूनबाई, जरा ये गं."

ही भांडी टाकून ओल्या हातांनी आली. बाबा तिचा दंड धरून उतरले. मला म्हणाले, "तू पुढे हो. काचा बघ."

पुढे झालो. काचा बघितल्या. काय बघायचं त्यांत, आरपार दिसतं.

दुपारी ताईचा फोन. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. "बाबांना माझ्याकडे पाठव. माझं घर तळमजल्यावर आहे, आणि आमच्याकडे माणूस पडताना कुणी बघत उभं राहत नाही." बाबा लगेच हो म्हणाले. महिनाअखेरीस ती गाडी घेऊन येणार. मी म्हटलं, बाबा, रागावलात का? म्हणाले, "राग कसला? भरवसा नाही, एवढंच."

एवढंच! रागावले असते तर बरं झालं असतं. राग जातो.

शुक्रवार, ८ मार्च

ही म्हणाली, "तोंड पाडून बसण्यापेक्षा हात सुधारून घ्या." टायरच्या दुकानामागे एक मोठी खोली आहे, तिथे संध्याकाळी एक बाई ज्युदो शिकवतात. दिवसा ड्रायव्हिंग शिकवतात. नुसता ज्युदो नाही. रांगणं, लोंबकळणं, उकिडवं बसणं, ओझं वाहणं, असं सगळं त्यात मिसळलेलं. त्यांचं म्हणणं, माणूस खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत एवढाच उरला आहे, मधलं सगळं विसरला.

संध्याकाळी दुकान ही सांभाळते, त्यामुळे बाबांना एकटं कसं ठेवायचं? त्यांनाही नेलं. भिंतीशी बाक आहे, तिथे बसले. बाकापर्यंत गेले ते तिथे शिकायला येणाऱ्या एका बेकरीवाल्याचा हात धरून. त्या माणसाला ते आयुष्यात पहिल्यांदा भेटत होते!

बाईंना म्हटलं, मला पडणारं माणूस धरायला शिकायचंय.

"ते नंतर. आधी पडायला शिका."

"त्यात शिकायचं काय? पडायला येतंच की."

"पडा बघू."

पडलो. बाईंचा उजवा पाय जमिनीवर कच्चकन दाबला गेला. शिकाऊ गाडीत त्यांच्या बाजूलाही ब्रेक असतो, ती सवय. त्या तासात त्यांनी मला इतके ब्रेक मारले की शेवटी स्वतःची पोटरी चोळत बसल्या.

शनिवार, ९ मार्च

शिंकलो तरी बरगड्या बोंबलतात.

सोमवार, ११ मार्च

बाई म्हणाल्या, एका तासाने काही होत नसतं, अख्खा दिवसच तालीम करा. वेगळा वेळ काढायचा नाही. जे करतो तेच अंग वापरून करायचं. आणि जिथे तालीम ती जागा मानाची, तेव्हा आत शिरताना वाकून नमस्कार.

आता दिवसच तालीम म्हटल्यावर प्रत्येक खोली मानाची झाली. न्हाणीघरात शिरताना वाकलो. एका पायावर उभं राहून दात घासले. चहा उकिडवं बसून. जिना चार पायांवर उतरलो, उलटा, कारण सुलटा उतरताना डोक्यात रक्त येतं.

ही म्हणाली, "फडकं बांधून देऊ का गुडघ्यांना? पायऱ्या तरी पुसून निघतील." बांधलं. निघाल्या.

बाबा वरून बघत होते.

बुधवार, १३ मार्च

काच कापायच्या टेबलाखालचे लाकडी पट्टे एरवी मी काठीने ओढतो. आज रांगत गेलो. तेवढ्यात दुकानात कुणीतरी आलं. "आहे का कुणी?" मी म्हटलं, आहे की! आणि टेबलाखालून चारी पायांवर तसाच बाहेर आलो. "बोला, काय हवं?"

सलूनवाल्या बाई होत्या. पर्स छातीशी धरून दारापर्यंत मागे गेल्या. मग मी उठलो, मापाची टेप काढली, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. भिंतभर आरसा हवाय. मोठं काम! जाताना मी दारात वाकून नमस्कार केला. त्याही वाकल्या. मला वाटलं आता त्या उठतील, त्यांना वाटलं मी आधी उठेन. बराच वेळ कुणीच उठेना. कोपऱ्यातून बाबा म्हणाले, "पुरे."

पंधरवड्यानंतर माझ्याशी आपण होऊन बोललेला पहिला शब्द, असं लिहिणार होतो. पण पंधरवडा झालेला नाही. वाटतोय तेवढा.

शनिवार, १६ मार्च

दाराच्या चौकटीला लोंबकळलो. चौकट टिकली. पडद्याचा दांडा नाही टिकला. हिने पडदा माझ्या अंगावरून न उचलता त्याच्यावरून चालत जाऊन खिडकी बंद केली.

सोमवार, १८ मार्च

आता धरायचं शिक्षण. परवा बाई म्हणाल्या, घरच्यांना सांगा, न सांगता वस्तू टाकायच्या. तुम्ही मागे नाही, पुढे जायचं. हात वर नाही, खाली.

घरच्यांना सांगायची चूक केली. हिला इतका आनंद लग्नातसुद्धा झाला नव्हता. उशी आली जिन्यावरून. लोड आला माळ्यावरून. मी दाढी करत असताना ओलं फडकं आलं. पहिल्या दिवशी सगळ्यांना हात वर करून मागे सरलो. काल उशी दंडावर घेतली. आज लोड छातीवर घेतला आणि त्याच्यासकट बसलो. चारी मुंड्या चीत, पण सोडला नाही!

बाईंना सांगितलं. बाकावर बाबा होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. बाबा बेकरीवाल्याने दिलेला पाव खात होते.

गुरुवार, २१ मार्च

डाव्या हाताने लिहितो आहे म्हणून अक्षर असं.

कडेचा एक तुकडा टेबलावरून घसरला. साधा हातभर तुकडा. आणि मी पुढे गेलो आणि धरला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तळहाताला टाके पडले. रक्त पाहून मला काही वाटलं नाही, पण बाबांचा चेहरा पाहून पाचावर धारण बसली. त्यांनी आजवर माझ्यावर आवाज चढवला नव्हता. आज चढवला.

"काच धरलीस? बाप सोडलास आणि काच धरलीस?"

बाजू त्यांचीच खरी. आधी निदान एक गोष्ट तरी बिनचूक येत होती, आता तीही गेली. सलूनवाल्या बाईंचा आरसा अजून कापायचाय, आणि माझ्या हातांचा मलाच नेम नाही.

शुक्रवार, २२ मार्च

बाई टाके बघून म्हणाल्या, "शिकाऊ माणूस घाबरला की एकदम दोन्ही पाय दाबतो. ब्रेकपण, ॲक्सिलरेटरपण. तुमचं तसं झालंय. आधी बघा काय पडतंय. मग ठरवा."

म्हटलं, पडणारी गोष्ट ठरवायला वेळ देते का?

म्हणाल्या, "देते. तुम्ही घेत नाही."

तर आता हिने दोन्ही प्रकार टाकायचे. उशी म्हणजे माणूस, पातेलं म्हणजे काच. उशीला पुढे, पातेल्याला मागे. संध्याकाळभर घरात दणदणाट. शेजारीण विचारायला आली की तुमचं ठीक चाललंय ना. ही म्हणाली, "इतकं छान कधीच नव्हतं."

मी मोजायचंही सोडलं, पण शेवटी शेवटी एकही चुकलं नाही. उशी आली की छातीशी, पातेलं आलं की हात वर. वाटलं बाबांना खोलीतून बोलावून दाखवावं. दार लोटलेलं होतं. आत बॅग भरत होते. ताईने सांगितलं होतं म्हणे, गरम कपडे वेगळे बांधा.

दारातून वाकून परत फिरलो. सवयीने वाकलो, आणि पडलेली पातेली गोळा करायला गेलो.

बुधवार, २७ मार्च

आज सगळं नीट लिहायचं आहे.

सलूनचा आरसा तयार झाला, तळहातावर पट्टी बांधूनच. टेम्पो दाराशी आला. आरशाचं एक टोक माझ्याकडे, एक हिच्याकडे, दोघांच्या हातांत काच उचलायचे रबरी कप. बाहेर काढताना ही पाठमोरी चालत होती, दुकानाच्या दारातून. मी बाबांना वरच थांबायला सांगितलं होतं. पण बाबा आले. एकटेच, दाराशेजारच्या जिन्याने, कठडा धरून. खाली आले आणि शेवटच्या पायरीशी पडलेल्या सुतळीत त्यांचा पाय अडकला.

मी पाहिलं. बाईंनी सांगितलं होतं ना, आधी बघा, तर अगदी नीट पाहिलं. माणूस होतं, उशीच! पुढे जायचं होतं. आणि हातात आरसा. सोडला तर तो हिच्या अंगावर. हात वर नेता येईनात, पुढे नेता येईनात. माझे बाबा दुसऱ्यांदा माझ्या डोळ्यांसमोर पडले आणि मी दुसऱ्यांदा उभा होतो.

बाबांनी हनुवटी छातीला लावली. गुडघे मोडून बूड खाली घेतलं, कुशीवर कलले, आणि दोन्ही तळव्यांनी फरशीवर फाटकन थाप मारली. बाई आम्हाला घसा फोडून सांगतात ती थाप. माझी तीन आठवड्यांत एकदाही अशी वाजली नाही. मग ते सावकाश उठून बसले, चष्मा नाकावर बसवला आणि म्हणाले, "लागलं नाही."

हिने विचारलं, "बाबा, हे कुठे शिकलात?"

"बाकावर बसून दुसरं काय करत होतो मी? हा कसा चुकतो ते बघत होतो."

आरसा शाबूत. बाबा शाबूत. टेम्पोवाल्याने टाळ्या वाजवल्या. मी आरसा चढवला, दोऱ्या बांधल्या, आणि मग मागच्या पट्ट्यांच्या ढिगाऱ्यावर जाऊन बसलो आणि रडलो. शिकलो पडायला, ओझं उचलायला, पातेलं सोडायला. वेळ आली तेव्हा पुन्हा काही धरलं नाहीच. आणि आता तर त्यांना माझी गरजही नाही.

शुक्रवार, २९ मार्च

तालमीला गेलो नाही. बाबा गेले. बेकरीवाला न्यायला आला होता.

रविवार, ३१ मार्च

ताई गाडी घेऊन आली. बॅग मी खाली नेऊन ठेवली आणि बाबांसाठी परत वर आलो. हात पुढे केला नाही, उगाच कशाला. बाबा जिन्याच्या तोंडाशी आले, ही पुढे झाली, तिला त्यांनी बाजूला सारलं आणि माझा दंड धरला. खालून ताई ओरडली, "अहो बाबा, त्याचा काय धरताय? तो सोडेल!" बाबा म्हणाले, "तो मला धरेल म्हणून नाही धरलं. महिनाभर याला पडताना बघतोय मी. काडीचं जमत नाही याला. मी तुझ्याकडे येऊन बसलो तर याला कोण धरणार? बॅग वर आण." आम्ही दोघं सावकाश खाली दुकानात उतरलो. आता शर्ट काढल्यावर बघतोय, दंडावर त्यांची पाचही बोटं उमटली आहेत.