फॉर्मवर नसलेली सातवीण

प्रिय बाबा,

विमा कंपनीने घराचा दावा नाकारला, आणि त्याच पाकिटातून नूतनीकरणाचा कोरा फॉर्मही पाठवला. बेशरमपणालाही शिस्त लागते! सोबत तुम्ही भरलेल्या जुन्या फॉर्मची प्रत आहे. तुमचं ते टपोरं अक्षर बघितलं आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय नवा फॉर्म भरवेना.

आषाढातल्या वादळात आपल्या सातविणीच्या झाडाचा अर्धा भाग घरावर आला. वसरीची कौलं गेली, दोन वासे मोडले. आई स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली. मी म्हटलं, विमा आहे! देवळाची वर्गणी विसरायचात, पण विम्याचा हप्ता तुम्ही कधी चुकवलात?

पणजीहून सर्व्हेअर आला. "मॅडम, वाळवीने, जुनेपणाने छप्पर बसलं तर काही मिळत नाही. वादळाने झाड पडलं तर मिळतं."

"मग झाडच पडलंय ना!"

"पण छपरावर झाड झुकलंय का, असं फॉर्ममध्ये विचारलंय. तुमच्या बाबांनी 'नाही' लिहिलंय."

"आणि हे पडलंय ते काय?"

त्याने फोटो काढला. उत्तर पत्राने आलं: धोका दडवला, सबब दावा नामंजूर.

का हो, बाबा? तुम्ही फॉर्म भरत होतात तेव्हा मी समोरच होते. "झाड आहे की!" म्हटलं, तर तुम्ही पेन थांबवलंत. "तशें लिवचें न्हय, बाय. तो आयकता." तो म्हणजे देवचार, आपल्या वाड्याचा राखणदार. दर अमावास्येला त्याच्या झाडाखाली रोट ठेवायचा, विडी ठेवायची. त्या झाडाला धोका म्हणणं म्हणजे त्याच्यावर आळ! तुम्ही त्याचा मान राखलात. आणि गावभर जीभ चालवणारी मी? हसले आणि गप्प बसले. 'नाही' तुमच्या अक्षरात आहे, पण निम्मं माझंच.

उरलेला अर्धा भाग आता आईच्या खोलीवर कललाय. बुंध्याजवळची माती फुगलीय. काल तिथल्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला, आज कोपरापर्यंत. वारा नसतानाही भिंतीतल्या चिऱ्यांमधून माती झरते. आई मात्र खोली सोडत नाही.

"ताका हात लायशी तर बघ! अर्दो पडलो, तरी माका राखली न्हय?"

या युक्तिवादापुढे कुठला सर्व्हेअर टिकेल?

तुये गावचा झाडं कापणारा येऊन गेला. सातविणीकडे बघून त्याने आधी चपला काढल्या. "बाय, पयलो घाव घरच्यान घालूंक जाय. मागीर हांव कापतां." घरचं म्हणजे तुमच्यामागे आता कोण उरलंय, बाबा?

तेव्हा वचन देते. उद्या सकाळी नव्या फॉर्मवर झाडाच्या त्या प्रश्नापुढे 'होय' लिहीन, ठळक. मग आईला, शिव्या खात का होईना, मयेला मावशीकडे पोचवीन आणि पहिला घाव मीच घालीन. नंतर देवचाराला जो राग काढायचा तो माझ्यावर काढू दे.

तुमची त्याच्याशी गाठ पडलीच, तर एवढंच सांगा: आई उंबरठ्याबाहेर पडेपर्यंत थांब.

तुमची,
शालू