ड्रॅबवेल घराण्याचा शेवटचा वारस

२ मार्च, सकाळ
संकल्प: ड्रॅबवेल घराण्याचा इतिहास ईस्टरपर्यंत पूर्ण. अख्ख्या इंग्लंडच्या फोनबुकांत ड्रॅबवेल तीनच. एक मी. एक वारला. तिसरा फोन आपटतो. खानदानी माणूस! मूळपुरुष नॉर्मन सरदार, यात शंका नाही. माझं नाकच सांगतं.

९ एप्रिल
ईस्टर झाला. पान एकच झालं. दोष टाइपरायटरचा.
हिलरीचं लग्न जूनमध्ये, क्लाइव्ह पॉट्सशी. प्लंबर. पॉट्स काय, पैशाला पासरी. पण एकुलती एक लेक पॉट्स झाली की आमचं नाव माझ्याबरोबर मातीत. क्लाइव्हला म्हटलं, तूच ड्रॅबवेल हो. नुसता हसला. बायको म्हणते, "अहो, पोरीचं लग्न लागू द्या, मग बसा ती वंशावळ चघळत."

१५ मे, रविवार
चर्चमध्ये लग्नाची जाहीर घोषणा. व्हिकरनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाची हरकत? हे नुसतं विचारायचं असतं म्हणे, उत्तर द्यायचं नसतं. मी उभा राहिलो. घराणं बुडतंय, माझी हरकत आहे! सगळ्या माना वळल्या. आवाज छान लागला होता.

दुपारी
व्हिकरनी आत नेऊन जुनी नोंदवही उघडली. १७६८: ड्रॅबवेल विहिरीपाशी टाकलेलं पोर सापडलं, नाव ठेवलं जॉन ड्रॅबवेल. बेवारशी पोराला सापडल्या जागेचं नाव द्यायचे म्हणे. त्या विहिरीवर अजून गुरं पाणी पितात.
म्हणजे आई सरदारीणच. लपवाछपवी बड्या घरातच चालते. प्रकरण पहिलं: नव्याने लिहिणे.

संध्याकाळी
हिलरी आली. कोटही काढला नाही. म्हणाली, "बाबा, क्लाइव्ह आपलं नाव लावणार होता. वकिलाकडून कागद करून आणला होता. तुमच्या वाढदिवसाला सांगणार होतो. आज मी तो फाडला."
मी विचारलं, तुकडे ठेवलेत का?
दार आपटून गेली. बायको जेवायला वाढेना. भूक नव्हतीच.

१८ जून
लग्न झालं. लेकीला वेदीपर्यंत नेण्याचा मान बापाचा; हिलरीला तिच्या मामाने नेलं. मी तिसऱ्या रांगेत. मग चर्चच्या नोंदवहीत सह्या; मीही टेबलापाशी गेलो. नवरीने सही माहेरच्या नावाने करायची असते. तिने सावकाश लिहिलं, हिलरी ड्रॅबवेल. शेवटचं. शाई ओली होती. व्हिकरनी इकडेतिकडे पाहिलं आणि टीपकागद माझ्या हातात दिला. मी तो जपून दाबला.