नकाराचा हक्क

मी, रूपचंद धुडकू पाटील, वय ६१, निवृत्त शिक्षक, राहणार ब्राह्मणपुरी, तालुका शहादा, जिल्हा धुळे, माझ्या मागे काय व्हावे ते येथे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोळ्यांना कमी दिसते. डोके शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. मला पत्नी व अपत्य नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. पोलंडच्या राज्याचा इतिहास, हस्तलिखित, अकरा वह्या. १९४५ साली कोल्हापूरला शिक्षकांच्या परिषदेसाठी गेलो असता जवळच्या छावणीत पोलंडचे निर्वासित पाहिले. एका म्हातारीला इंग्रजीत विचारले, तुमचा राजा कोण? ती म्हणाली, राजा आम्ही निवडत होतो. मग देशच गेला. ते समजून घेण्यात अठरा वर्षे गेली. आमच्या मुख्याध्यापकांनी पहिली वही न उघडता परत केली. "पाटील, पोलंड मॅट्रिकला येत नाही." म्हणून शाळेला एक पानही देऊ नये. सर्व वह्या शहाद्याचे बुकबाइंडर इद्रिस वाहिद यांना द्याव्यात. त्यांनी त्या बांधल्या, आणि बांधण्यापूर्वी वाचल्या. "गुरुजी, इतने राजा, और घर सँभालनेवाला एक नहीं?" मला मिळालेला अभिप्राय एवढाच.

२. राहते घर आणि विहिरीसह साडेचार एकर जमीन. दोन्ही मी पगारातून घेतली; वडिलोपार्जित नाहीत. माझी धाकटी बहीण जसोदाबाई, विधवा, सव्वीस वर्षे या घरात आहे. जमीन तीच पाहते. गेल्या दिवाळीला थोरला पुतण्या छगन दोघा भावांना घेऊन आला. "काका, तीन वाटा करी टाका. आत्याले आम्ही चार चार महिना ठेवसूत." बोलणे अदबीचे होते. पोलंडच्या राज्याची वाटणीही तिघा शेजाऱ्यांनीच केली, आणि कागदावर भाषा सभ्य होती. जसोदाबाई ओसरीवर शेंगा फोडत होती. तिला कोणी विचारले नाही.

३. त्या राज्याच्या सभेत एका सभासदाने नाही म्हटले की सभा मोडत असे. १६५२ साली असे प्रथम घडले. पुढे ती सवय झाली. १७९१ साली तो हक्क त्यांनी रद्द केला. चार वर्षांनी नकाशावर राज्य उरले नाही.

हे प्रकरण मी जसोदाबाईला वाचून दाखवले. तिने विचारले, "भाऊ, तो नही म्हननारा कोन व्हता? त्याले बहीन व्हती का?" त्याचे नाव मला ठाऊक आहे. बहिणीविषयी कोठे काही सापडले नाही.

१९३८ साली ती एकवीस वर्षांची विधवा असताना म्हसावदचे हिरालाल उखा पाटील यांनी तिच्याशी पाट लावण्याविषयी, म्हणजे पुनर्विवाहाविषयी, निरोप धाडला. आमच्यात ती रीत होती. घरच्या बैठकीत वडील, काका, थोरला भाऊ, सगळे तयार होते. सर्वांचा होकार लागे. मी एकट्याने नाही म्हटले. कारण विचारले, ते मी दिले नाही. शिकलेल्या घरात पाट लावत नाहीत, असे माझ्या मनात होते. त्या घरात शिकलेला मी एकटाच होतो.

४. म्हणून घर, जमीन व विहीर जसोदाबाईच्या हयातीपर्यंत तिच्या ताब्यात राहील. तिच्यानंतर तिघा पुतण्यांना समान. तोपर्यंत वाटणी, विक्री, गहाण किंवा तिने कोठे राहावे, यांपैकी कशालाही तिने एकदा नाही म्हटले की विषय संपला. कारण विचारू नये.

५. छत्री छगनला. ती त्याचीच आहे. १९५९ पासून परत करायची राहिली.

वरील मजकूर मी जसोदाबाईला वाचून दाखवला. तिला सही येते, मीच शिकवली. साक्षीदार म्हणून सही करते, असे ती म्हणाली. जिला मिळायचे तिने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. मी नाही म्हटले.

"आते तरी हाई शेवटलं 'नही' ना, भाऊ?"

मी हो म्हटले.

सही: रूपचंद धुडकू पाटील

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले व माझ्यासमोर सही केली:
१. हिरालाल उखा पाटील, म्हसावद
२. डोंगरसिंग रामसिंग गिरासे, धानोरा

ब्राह्मणपुरी, दिनांक ९ फेब्रुवारी १९६४