डाव्या बाजूचं रबर

मंगळवार, हदगाव

उमरीला जाऊन विकायला काढलेली जुनी मोटारसायकल बघून आलो. गाडी चांगली हाय, तरी जेवण गेलं न्हाई.

जायच्या आधी फोनवर बजावलं होतं, मी येईपर्यंत चालू करू नका. तापलेल्या इंजिनात सगळ्या खोडी लपतात. पण गारच होतं, एका किकमध्ये उठलं. धूर न्हाई, खडखड न्हाई. मालक माझ्याच वयाचा. म्हणला, "एकट्याच्या हातची गाडी हाय, सर. मागं कुणी बसत न्हाई."

मग मागच्या फुटरेस्टची रबरं दिसली. डावीकडचं पार झिजून लोखंड उघडं पडलेलं, उजवीकडचं कोरंच्या कोरं. म्हणजे मागं रोज बाई बसत होती, साडी नेसून, दोन्ही पाय एकीकडं सोडून. खोटं पकडलं म्हणून मला बरंच वाटलं. बोट दाखवून विचारलं, "मग हे कशानं झिजलं?"

तो खाली बसला. त्या रबरावर अंगठा फिरवत राहिला. म्हणला, "दिवाळीपासून एकटाच हाय, सर. ती गेली."

काय गरज होती मला विचारायची? पुढं भाव करायला जीभ रेटली न्हाई. उद्या कळवतो म्हणून निघालो.

घरी सुनंदानं विचारलं, "कशी हाय गाडी?" चांगली हाय म्हणलं. तर म्हणती, "मग घेऊन टाका की. मलाबी मागं बसून माझ्या शाळेपर्यंत येता येईल."

रबर नवं टाकता येईल. पण हिचे पाय तिथंच टेकणार.