निळ्या स्विचची साक्ष

मारेगाव, रविवार दुपार

चि. प्रफुल्ल यास,

धर्मपालमामाचा सप्रेम जयभीम. आम्ही इकडे मजेत आहोत. तूही पुण्यात मजेतच असशील, निदान महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. ताईचा गुडघा कसा आहे ते तूच कळव. (मी फोन केला तर ती माझ्याच गुडघ्याची चौकशी करते, आणि दोन्ही गुडघे राहून जातात.) कंबर सांभाळ. दिवसभर खुर्चीत बसून कंबर जाते हे मी वर्गात शिकवतो, आणि खुर्चीत बसूनच शिकवतो.

तू पाठवलेली स्विचच्या नमुन्यांची पट्टी पोचली. गेम खेळायचा कीबोर्ड घ्यायचा तर आधी प्रत्येक बटनाखालचा स्विच निवडावा लागतो, हे मला पन्नाशीला टेकेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे लोक याहून कमी चौकशीत जावई निवडतात. आमच्या उर्वशीने बापालाच शिष्य करून घेतलं. लाल स्विच सरळ खाली जातो, ना अडथळा ना आवाज. तपकिरीत अर्ध्या वाटेवर बोटाला बारीकसा उंचवटा लागतो. (मुकुटबनच्या रस्त्यावरचे गतिरोधक डोळ्यांपुढे आणू नकोस, ते कोणी माप घेऊन बांधले असते तर जसे झाले असते, तसा.) आणि निळा बोलतो, दाबताना एकदा, सोडताना एकदा. मला नवल याचं वाटलं की बटन तळाला टेकायच्या आधीच त्याचं काम झालेलं असतं. आमच्या हेडमास्तरांचं नेमकं उलट आहे, ते आधी टेकतात. पण मग निळ्याचा आवाज येतो कुठून? मी पडलो विज्ञानाचा मास्तर. निळा उघडला. आतली स्प्रिंग उडाली ती थेट तुझ्या मामीच्या वरणात. सगळं घर भीत भीत जेवलं, आणि ती निघाली माझ्याच वाटीत. धुऊन परत बसवली, तेव्हापासून तो पूर्वीपेक्षा जोरात बोलतो. का, ते अजून कळलेलं नाही. तुला कळलं तर लिही.

त्याच संध्याकाळी घरमालक वामनराव आले. चहा घेतला, बशी पुसल्यासारखी केली आणि म्हणाले, "सर, पोरगा नागपूरहून वापस येऊन राह्यला. खोल्या खाली करा लागते." मी गारच पडलो. उर्वशीची बारावी तोंडावर, आणि आपल्याला या गावात दुसरं घर शोधताना लोक भाड्याच्या आधी आडनाव विचारतात, हे तुला सांगायला नको. (वामनरावांनी खोल्या देताना ते विचारलं नव्हतं. एवढ्यासाठी मी त्यांच्या गळक्या छपराचं पाच पावसाळे कौतुक केलं.) मी म्हटलं, पोरीची परीक्षा होईपर्यंत तरी थांबा. तोच पडद्यामागून आवाज आला, चुक्‌चुक्. वामनरावांनी वर भिंतीकडे पाहिलं, खुर्चीच्या हातावर बोट वाजवलं आणि पुटपुटले, "सत्य हाय."

आता हे तुला माहीत आहे की नाही कोण जाणे (पुण्यात पालींना भाडं परवडत नसेल), पण बोलता बोलता पाल चुकचुकली की बोललेलं खरं, असं इकडे मानतात. बाकीच्या मराठी मुलखात पाल शंकेची असते, आमच्याकडे ती खात्रीची आहे. माझी जीभ सैल झाली. मी म्हटलं, मागची खोली उन्हाळ्यात तापते, सून आणली तर पहिल्याच मे महिन्यात माहेरी जाईल. चुक्‌चुक्. मी म्हटलं, तुमच्यासारखा घरमालक जिल्ह्यात नाही. ही शुद्ध लाडीगोडी होती, तरी चुक्‌चुक्. वामनराव उठलेच. "जाऊ द्या सर, राहा तुम्ही."

पडद्यामागे उर्वशी पट्टी घेऊन बसली होती हे मला ठाऊक होतं. पाल गळ्यातून आवाज काढते, भविष्यातून नाही, हे मी दरवर्षी आठवीला शिकवतो. त्या संध्याकाळी मात्र मी पानाचं तबक पुढे सरकवलं. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. तेव्हा ठरवलं आहे की हे पत्र पुरं करून वामनरावांकडे जायचं, पट्टी पुढे ठेवायची आणि खरं सांगायचं. मग घर राहो की जावो. तुझी मामी म्हणते, सामान बांधायला दोऱ्या आणूनच परत या. ताईला जयभीम सांग.

तुझा,
धर्मपालमामा

ता. क. जाऊन आलो. सगळं सांगितलं. वामनरावांनी निळा स्विच एकदा दाबला, दोनदा दाबला, त्यांच्या सौ. मानीबाई स्वयंपाकघरातच आहेत ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मले मालूम होतं सर. पाल कधी पडद्याच्या मागून बोलते का? पण आमची घरची पालीचं ऐकते, माहं नाही ऐकत. खोल्या तिलेच पायजे होत्या. मले घरी जाऊन सांगाले काही तरी लागत होतं ना!" पट्टी त्यांनी खिशात टाकली. परत मागायची माझी हिंमत झाली नाही. दोऱ्या आणल्या नाहीत.

ता. क. दुसरा. कीबोर्ड लाल स्विचचा मागव. उर्वशीला पहिल्या दिवसापासून तोच हवा होता, गेममध्ये बोट अडत नाही म्हणून. मग दिवसभर निळाच काय दाबत होतीस, असं मी चिडून विचारलं. ती मान वर न करता म्हणाली, "दिवसभर कुठं, बाबा? तुम्ही बोलून राह्यले होते तवाच दाबला. काका बोलले तवा एकदा तरी वाजला का?" विज्ञानाच्या मास्तराच्या एवढं ध्यानात यायला हवं होतं. लाल लवकर पाठव. या पोरीच्या हाती आवाजाचं काही ठेवण्यात अर्थ नाही.