कडब्याच्या गंजीचा तपास

पुंडलिकनगर, औरंगाबाद
ता. २८ डिसेंबर १९९३

ती. त्रिंबकमामांस,
कस्तुराचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पाठवलेली दोन्ही पुस्तकं पोचली. मामीची शेंगदाण्याची चटणी त्याच दिवशी संपली, पुस्तकं मात्र दोन दिवस पुरली. आम्ही खुशाल आहोत. ह्यांची चितेगावच्या टीव्हीच्या कारखान्यातली नोकरी आता कायम झाली. घरात अजून टीव्ही नाही, पण हे म्हणतात की दिवसभर पाचशे टीव्ही बघून येतो, घरी कशाला हवा! गल्लीत जिकडंतिकडं घरं उठताहेत. खिडकी उघडली की विटांचा ट्रक उभाच.

आता पुस्तकांचं. रागावू नका, पण खंडाळ्याच्या बंगल्यातल्या खुनाचं जे पुस्तक तुम्ही डोक्यावर घेऊन नाचता, ते मला शुद्ध फसवणूक वाटलं. एकशे बारा पानं लेखक आपल्याला माळ्याच्या मागं फिरवतो आणि शेवटच्या आठ पानांत खुनी म्हणून मालकाचा जुळा भाऊ काढतो. त्या भावाचं नाव तरी आधी कुठं आलं होतं का? वाचणाऱ्याला सगळे पुरावे दाखवायचे आणि तरी त्याला चकवायचं, त्याला मी रहस्यकथा म्हणते. हे म्हणजे लपंडाव खेळताना गावच सोडून जाण्यासारखं झालं.

दुसरी तक्रार अशी की संशय नेहमी माळ्यावर, भिकाऱ्यावर, नाहीतर पालं ठोकून राहणाऱ्यांवर. आणि बायकांना कामं दोनच, किंकाळी फोडणं आणि बेशुद्ध पडणं. अहो, त्या बंगल्यात दिवसातून चारदा चहा देणारी बाई आहे. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, सगळं तिला ठाऊक असणार. तुमचा चष्मेवाला डिटेक्टिव्ह तिला एक प्रश्न विचारत नाही! आमच्या गल्लीत खून झालाच तर समोरच्या चंपाबाई चहा गाळता गाळता खुनी सांगतील.

कचरूदादांना नमस्कार. पंक्चर काढता काढता भाड्यानं पुस्तकं देणारा दुकानदार सबंध जिल्ह्यात दुसरा नसेल. पुस्तकं येत्या आठवड्यात परत पाठवते. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागणार अशी इथं रोज बोलणी आहेत; बाजारात दोन माणसं बोलत असली तर तिसरा आला की गप्प होतात. तुम्ही जपून राहा.

माया आहे तशीच राहू द्या, चटणी मात्र वाढवा.
तुमची भाची,
कस्तुरा

पाचोड
ता. ५ जानेवारी १९९४

चि. सौ. कस्तुरा हीस,
त्रिंबकमामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र कचरूच्या दुकानात मोठ्यानं वाचलं. जुळ्या भावाच्या वाक्याला कचरू इतका हसला की टायरातली ट्यूब त्याच्या हातून निसटली. तो तुझ्याच पार्टीचा निघाला. म्हणतो, मामा, ताईचं बरोबर हाय, लेखकानं कबूल करून पलटी मारली.

तुमचं दोघांचं शिक्षण लई, म्हणून तुम्हाला पुरावे लागतात. मला काय लागतं ते सांगतो. मेंढरं चरायला सोडली की बाभळीखाली बसावं अन् पिस्तुलाचा आवाज यावा. आता मोटार दरीत गेली, आता डिटेक्टिव्ह मेला, असं वाटावं, अन् पान उलटलं की तो जित्ता! चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला आणिक काय पाहिजे? मी बंगला कधी पाहिला नाय, पण खंडाळ्याच्या त्या बंगल्यात आता मी डोळे झाकून फिरू शकतो.

एक बाब मात्र मलाबी खटकली. डिटेक्टिव्हला बुटाचा ठसा सापडतो अन् तो भिंग काढून बसतो. अरे, ठशाला भिंग कशाला? पाऊल कितपत रुतलं, टाच भारी का चवडा भारी, एवढ्यावरून माणूस ओझं घेऊन गेला का मोकळा, ते आमचं कोणतंबी म्हातारं माणूस सांगेल. हरवलेल्या मेंढीचा माग मी तीन कोसांवर काढलेला हाय.

तुझी मामी म्हणते, पत्रात माझं काय लिवलं? तर लिवतो की सारजाबाई खुशाल हाय अन् माझ्यावर नाराज हाय. भाकर खाताना पुस्तक वाचतो म्हणून.

जावयांना रामराम. तुझी सय येते, लवकर ये.
त्रिंबक

पाचोड
ता. १७ जानेवारी १९९४

चि. सौ. कस्तुरा हीस,
अनेक आशीर्वाद.

ह्या बारीला पुस्तकाचं काही नाय. चित्त ठिकाणावर नाय, म्हणून सरळ लिवतो.

चौदा तारखेला विद्यापीठाचं नामांतर झालं ते तुला ठाऊकच. इथं पंधराला पेपर आला. कचरूच्या आळीत सांजच्याला पेढे वाटले, निळे झेंडे लावले, फटाके उडवले. कचरूनं मला पेढा भरवला. त्याची बायको लीलाबाई हसतबी होती अन् डोळेबी पुसत होती. सोळा-सतरा वर्सं वाट बघितली पोरी त्यांनी, काय काय सोसलं.

त्याच दिवशी काकासाहेबांच्या मळ्यातली कडब्याची गंजी जळाली. दोन हजार पेंढी. माणसं सांजच्याला शेतातून परतली तर हिकडं फटाके अन् तिकडं जाळ. झालं. कुणीतरी म्हणालं, फटाक्यानं पेटली. दुसरा म्हणाला, फटाक्यानं नाय, पेटवली. अन् फटाके कुणी आणले होते, तर कचरूनं. काकासाहेब पैठणला गेले होते, अंधारात परत आले अन् समोर राख. त्यांच्या कानात जे घातलं ते त्यांनी धरलं.

कचरू दुकानाला कुलूप लावून काल लीलाबाईला घेऊन बहिणीकडं जालन्याला गेला. जाताना मला म्हणाला, मामा, मी माळ्याच्या जागेवर आलो.

चावडीत मी म्हणालो की पुरावा काय? तर सगळे माझ्याकडं बघून हसले. म्हातारा पुस्तकं वाचून डिटेक्टिव्ह झाला म्हणाले. कस्तुरे, तू हुशार हायेस. काय करू ते कळव.

त्रिंबक

पुंडलिकनगर
ता. २० जानेवारी १९९४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. ह्यांच्याच खात्यात काम करणाऱ्या एकानं कालच पेढे दिले होते, ते मी देवापुढं ठेवले होते. तेच बघत बसले.

हसणाऱ्यांना हसू द्या. आजवर आपण चाळीसेक पुस्तकं वाचली, त्यांत निम्मी टाकाऊ होती. पण एकाही पुस्तकात, अगदी त्या जुळ्या भावाच्यासुद्धा, पुराव्याशिवाय कुणाला फाशी दिलेली नाही. तेवढं शहाणपण आपल्याकडं आहे, चावडीकडं नाही.

मला तुमच्या पत्रात एक भोक दिसलं. गंजी पेटली कधी? माणसांनी जाळ पाहिला कधी ते तुम्ही लिहिलंत, पण पेटली कधी ते कुणीच सांगत नाही. दोन हजार पेंढी काडी लावल्याबरोबर राख होत नाही. पुरुषमाणसं संध्याकाळी आली. मग दुपारी गावात कोण होतं? बायका होत्या. त्यांना कुणी विचारलं का? तुम्ही तरी विचारलंत का?

आणि राख उपसायच्या आत तिथं जा. भिंग नको, तुमचे डोळे पुरे आहेत. मेंढीचा माग काढता तसा जाळाचा माग काढा, कुठून निघाला ते बघा.

जिवाला जपा. मामीला सांगून जा.
कस्तुरा

पाचोड
ता. २६ जानेवारी १९९४

चि. सौ. कस्तुरा हीस,
अ. उ. आ.

आधी माझी फजिती सांगतो, मग तपास.

तुझं पत्र आलं, मी पटका बांधला अन् कोणत्या बाईला विचारावं म्हणून दारात उभा राहिलो. सारजा म्हणाली, कुठं निघाले? मी म्हणालो, त्या दिवशी दुपारी गावात कोण बाया होत्या ते शोधाया. ती म्हणाली, मी होते की! म्हणजे बघ, दहा दिवस साक्षीदार माझ्या घरात भाकरी थापत होता अन् मी चावडीत पुरावा मागत होतो. आधी का नाय सांगितलं म्हणालो, तर म्हणते, तुम्ही विचारलं व्हय?

त्या दिवशी सकाळधरनं लाईट नव्हती. गिरणीपुढं सहा-सात बाया दळणाचे डबे घेऊन बसून होत्या. त्यांत सारजा, त्यांत कडूबाई अन् त्यांतच काकासाहेबांच्या मालकीण सरूबाई. चारच्या सुमाराला लाईट आली, गिरणी धडधड सुरू झाली. पहिला डबा निम्मा दळला नसंल तोच कडूबाईला मळ्याकडं धूर दिसला; कुणी बांध जाळत असंल म्हणून बाया बसून राहिल्या. चारला, कस्तुरे! फटाके उडले सहाला. अन् चारच्या टायमाला कचरू दुकानात माझ्याच पुढ्यात सायकल उलटी करून बसलेला होता.

मग मळ्यात गेलो. राख थंड होती. विहिरीकडच्या बाजूला जमीन लई भाजलेली, तिथून जाळ वाऱ्यासंगं पुढं गेलेला. त्या जागी बरोबर वर बघितलं तर खांबावर वायरीचं टोक लोंबतंय. काकासाहेबांनी मोटारीसाठी लाईनीवर आकडा टाकलेला, चोरून, अन् ती वायर गंजीवरून नेलेली. खाली राखेत वायरीचे दोन तुकडे घावले. एकाच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा तांब्याचा गोल मणी हाय. सोबत कागदात बांधून धाडतोय. जावयांना दाखव. हा मणी जाळानं झाला, का मण्यानं जाळ झाला?

अन् खरं काढून तरी करू काय? पुस्तकात डिटेक्टिव्ह सगळ्यांना हॉलमधी बोलावतो अन् बोट दाखवतो. इथं मी चारचौघांत काकासाहेबांकडं बोट केलं तर ते मान खाली घालतील, का उद्या दुसरीच आग लागंल?

त्रिंबक

पुंडलिकनगर
ता. ३० जानेवारी १९९४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मणी बघून हे जेवता जेवता उठले. चिमट्यात तांब्याची वायर धरून स्टोव्हवर बराच वेळ तापवली; लाल झाली, काळी पडली, पण वितळली नाही. म्हणाले, कडब्याच्या जाळात तांब्याचा मणी होणं कठीण. ठिणगी उडून वायर जिथं तुटते तिथं असा मणी होतो, कारखान्यात रोज बघतो. मोटारीचं बटण चालू राहिलेलं असणार. लाईट आली, कमजोर सांध्यावर जोर आला आणि ठिणग्या खाली पडल्या. वेगळ्या कागदावर त्यांनी सहीनिशी लिहून दिलंय, सोबत आहे. सासूबाई विचारतात की स्टोव्हवर काय शिजलं? मी म्हटलं, न्याय.

हॉलमध्ये बोलावण्याबद्दल तुमचं मन सांगतंय तेच खरं. मला तो शेवट कधीच आवडला नाही. बोट दाखवलं की पुस्तक संपतं, पण आपल्याला त्याच गावात राहायचंय. तुम्ही एकटे काकासाहेबांच्या घरी जा. सरूबाई घरात असतील अशा वेळी जा. मणी त्यांच्या हातात द्या आणि काही मागू नका. बघू या, ते काय करतात.

नाहीच काही केलं, तर मग हे आणि मी येतो. मला चावडीची भीती वाटते, पण येते.

तुमची,
कस्तुरा

पाचोड
ता. ९ फेब्रुवारी १९९४

सौ. कस्तुराताईंस,
कचरूचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितोय. मामा लिहिणार होते, पण ते लई कमी लिहितात, विशेषतः स्वतःबद्दल. म्हणून पेन मी घेतला.

मामा काकासाहेबांकडं गेले, मणी हातावर ठेवला, तुमच्या मालकांचा कागद दिला. काकासाहेब आधी तापले. आकडा कुठला, कोण म्हणतं, वगैरे. तेव्हा सरूबाई आतून आल्या अन् म्हणाल्या की धूर चारला निघाला, मी गिरणीवर होते, हे मी त्याच दिवशी सांगत होते तर मला आत जा म्हणालात. काकासाहेब मणी घेऊन तसेच मळ्याकडं निघाले, असं मामा सांगतात.

गेल्या बाजाराच्या दिवशी ते चावडीपुढं उभे राहिले. गंजी माझ्याच वायरीनं जळाली, कचरूला बोल लावला तो माझ्या अंगावर घेतो, असं सगळ्यांदेखत म्हणाले. आकडा त्यांनी आधीच काढला होता. मग जालन्याला मला न्यायला मामांसोबत स्वतः आले. बहिणीच्या घरी बसले, पाणी मागून प्याले, भाकर खाल्ली. सगळं एका दिवसात विसरलं जात नाही ताई, पण मी परत आलो.

दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक सरूबाई! आजपर्यंत एकाही बाईनं माझ्या फळीवरचं पुस्तक नेलं नव्हतं. त्यांनी दोन नेली अन् दोन दिवसांत परत आणली. म्हणाल्या, एक बरं आहे, दुसऱ्यात लेखकाला स्वयंपाकातलं काही कळत नाही, विष कढीत घातलं असतं तर कढी फाटली असती. ही अडचण लेखकाला कळवायला पत्ता मागत होत्या.

आता मामांनी तुम्हाला जे लिहिलं नसेल ते. सोळा तारखेला सकाळी मी दुकानाला आतून कडी लावून बसलो होतो, लीलाबाई माझ्याजवळ. बाहेर दहा-बारा जण काठ्या घेऊन आले. फटीतून बघितलं तर मामा दुकानाच्या पायरीवर बसलेले, काठी मांडीवर आडवी, अन् मोठ्यानं पुस्तक वाचताहेत. ते पहाटेच येऊन बसले होते, मला ठाऊकच नव्हतं. एकानं सांगितलं, म्हातारबा, सरका. मामा म्हणाले, हे पान होऊ द्या. पान झालं की दुसरं. दुपार झाली. काही जण गेले, काही जण बसले, एक-दोघं तर ऐकायलाच लागले. शेवटी एकानं वैतागून विचारलं, आरं, पण खुनी कोण? मामा म्हणाले, मी हे पुस्तक तीनदा वाचलंय, मला ठाऊक हाय. पण तुम्ही शेवटपर्यंत ऐकल्याबिगर कुणाचं नाव घ्यायचं नाय, अन् मीबी घेणार नाय.

सांजच्या गाडीत आम्हाला बसवलं, तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता. थंडीनं बसला म्हणाले.

ते पुस्तक आता मी भाड्यानं देत नाही. तुम्ही उन्हाळ्यात याल तेव्हा पायरीवर बसून वाचा, चहा लीलाबाई करील. लोभ तर तुम्ही न भेटताच केलात, आता भेटून वाढवा.

आपला,
कचरू