उठून जाता न येणाऱ्यांसाठी संगीत

बाई, गेला महिना-दीड महिना मी काही फोटोंसाठी संगीत शोधत होते आणि शोधता शोधता मनानं पुन्हा पुन्हा तुमच्या स्वयंपाकघरात, जिथे तुम्ही मला गाणं शिकवलंत तिथे, येऊन बसत होते. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकतीच कामाला लागले होते. अजून तेच काम करते. विरारमधल्या एका छोट्या डायलिसिस सेंटरमध्ये सकाळची पाळी माझ्याकडे असते. ज्यांच्या किडन्या थकल्या आहेत त्यांना मशीनला जोडायचं, त्यांचं रक्त मशीनमधून साफ होऊन परत अंगात जातं त्यावर लक्ष ठेवायचं, चार तासांनी सोडवायचं. एका हातात दोन सुया असतात, तो हात हलवायचा नाही. आठवड्यातून दोनदा, कुणाला तीनदा, आणि बहुतेकांना जन्मभर. माझ्या पाळीतली माणसं मला माझ्या सोसायटीतल्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त माहीत आहेत. कुणाची मुलगी रुसली आहे, कुणाच्या घरी रंगकाम चाललं आहे, सगळं.

खोलीत समोरच्या भिंतीवर टीव्ही आहे. त्यावरून रोज कटकट व्हायची. एकाला बातम्या हव्यात, एकीला मालिका, आणि बातम्या लागल्या की दोघातिघांचं ब्लडप्रेशर चढायचं. शेवटी डॉक्टरांनी केबल काढून टाकली. दोन दिवस सगळे छताकडे बघत पडून राहिले. मग पापडी गावचे सर एक पेनड्राइव्ह घेऊन आले. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक, आमच्याकडे तीन वर्षं येतात, रविवारी चर्चमध्ये मिस्साला घालतात तशीच इस्त्रीची पँट घालून. त्यांनी काढलेले आपल्या भागाचे फोटो त्यात होते. वटारच्या केळीच्या बागा, मिठागरं, कळंबच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडं, अर्नाळ्याचा किल्ला, धुक्यातला तुंगारेश्वराचा डोंगर. माणूस एकाही फोटोत नाही. डॉक्टर म्हणाले, छान आहेत, लावा. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की नुसते फोटो बघून लोक कंटाळतील, मागे काहीतरी हवं, आणि तू गाणं शिकली आहेस तर ते तूच निवड. मला आवडलं ते. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला गाण्यातलं काही विचारत होतं.

पहिल्यांदा मी जे केलं ते कुणीही केलं असतं. नेटवर शोधलं तर मन शांत करणारं म्हणून तासन्‌तास चालणारी बासरी मिळाली, मागे झऱ्याचं पाणी खळखळतंय, मधूनच एखादा पक्षी. फोटोंना ती इतकी चपखल बसली की मी स्वतःवरच खूश झाले. सोमवारी सकाळी लावली. सर मान डोलवत होते. अर्ध्या तासानं अर्नाळ्याच्या मावशींनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मावशी कोळी. सगळं आयुष्य मासळी विकण्यात गेलं, आवाज इतका मोठा की कुजबुजल्या तरी खोलीला ऐकू जातं. पण त्या दिवशी अगदी हळू म्हणाल्या, "बाय, ते पानी बंद कर."

मला आधी कळलंच नाही. मी टीव्हीकडे बघितलं, समुद्राचा फोटो होता. म्हटलं, मावशी, हा तर तुमचाच समुद्र. त्या म्हणाल्या, समुद्राचं काही नाही, तो काय पिता येतो, पण हे जे वाजतंय ते गोडं पानी आहे. बाई, आमच्या माणसांना दिवसाला मोजून पाणी प्यायचं असतं. लघवी होत नाही, प्यालेलं सगळं अंगात साठतं, फुप्फुसात उतरतं. औषधाची गोळीसुद्धा घोटभरात गिळायची. कोणी बर्फाचा खडा चघळतं, कोणी नुसती चूळ भरतं. हे मी त्यांना रोज बजावते, रोज वजन करून किती पाणी चढलंय ते बघते, आणि त्यांना सुयांनी खुर्चीला बांधून कानाशी अर्धा तास झरा सोडला होता. मी लगेच बंद केलं. पण मावशी त्या दिवशी घरी गेल्या आणि माठातलं पाणी पोटभर प्यायल्या. बुधवारी त्यांची पाळी होती, पण मंगळवारीच दुपारी मुलगा त्यांना रिक्षात बसवून घेऊन आला. श्वास लागला होता, आडवं होता येत नव्हतं. तातडीनं मशीनला लावलं. संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं, चेहऱ्यावर रंग आला. माझी पाळी संपली होती, तरी मी त्यांच्याजवळ उभी होते. त्या म्हणाल्या, तुझा दोष नाय, मीच प्याले. त्यांनी असं म्हटल्यानं माझं समाधान झालं नाही.

मग मी सावध झाले. पाणी नको, पक्षी नको, काही सुचवणारं नको. एका व्हायोलिनचे फार संथ आलाप निवडले, एकेक सूर लांबवर नेऊन ठेवणारे. घरी ऐकले तेव्हा मला ते निर्मळ वाटले होते. खोलीत लावले तर सरांचे डोळे भरून आले. मला वाटलं, जमलं. पण नालासोपाऱ्याचा एक तरुण आहे आमच्याकडे. अंधेरीला रात्रपाळी करतो, सकाळी थेट इथे येतो आणि कानात इअरफोन घालून झोपतो. त्यानं एक इअरफोन काढला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "ताई, हे म्हणजे कुणीतरी ऑफ झालंय आणि ग्रुपवर व्हिडिओ आलाय असं वाटतं." कुणी हसलं नाही. खिडकीजवळची खुर्ची आदल्या आठवड्यापासून रिकामी होती. तिथले काका घरी झोपेतच गेले होते. त्यांच्या मुलानं खरंच तसा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर पाठवला होता, डोंगरामागे मावळणारा सूर्य आणि हळू व्हायोलिन. माझ्या लक्षात आलं नव्हतं ते या तरुणाच्या आलं. मी तेही बंद केलं. त्या दिवशी घरी जाताना मला तुमची फार आठवण आली.

तुमचं घर डोळ्यांसमोर आहे. वसईतली ती एक खोली आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत तुमचे सासरे, लकवा झालेले, लोखंडी पलंगावर. त्यांना तुम्ही मामंजी म्हणायच्या म्हणून आम्ही मुलीही मामंजीच म्हणायचो. त्यांच्या उशापायथ्याशी चपला वाजवत आम्ही आत यायचो आणि ओट्याच्या खाली पाटावर बसायचो. तुम्ही कणीक मळता मळता शिकवायच्या. माझा सूर उतरला की तुमचं पोळी लाटणं थांबायचं, तेवढ्यावरून मला कळायचं. मी तेरा-चौदा वर्षांची आहे. शाळेच्या गॅदरिंगला गाणार आहे. त्या दिवशी भूपाच्या ताना मी अशा जोरात घेते आहे की खालच्या मजल्यावरच्यांनीही ऐकाव्यात. तुम्ही तवा उतरवता, गॅस बंद करता आणि विचारता, "कुणासाठी गातेयस?" मी म्हणते, रियाज करतेय. तुम्ही रागावलेल्या नसता, पण आवाज असा की माझे कान तापतात. "तुझं गाणं नको वाटलं तर मी गॅलरीत जाऊन उभी राहीन. तुझी आई बाजारात जाईल. बाहेर जो माणूस पडलाय, त्यानं कुठे जायचं?"

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही एक गोष्ट सुरू केलीत. आम्ही आत आलो की तुम्ही पदराला हात पुसत बाहेर जायच्या आणि विचारायच्या, "मामंजी, आज गाऊ का?" त्यांना बोलता येत नव्हतं. डाव्या हाताचं बोट उचललं की हो. नाही उचललं की त्या दिवशी आवाज बंद. मग आम्ही बोटांवर ताल मोजायचो, टाळी न वाजवता, नुसते हात हवेत उघडत मिटत, आणि तुम्ही कढईत फोडणी टाकताना मान हलवून सम दाखवायच्या. मला ते दिवस मुळीच आवडायचे नाहीत. गाणं शिकायला येऊन गायचं नाही, हे काय. पण तालाचं जे काही माझ्याकडे आहे ते त्याच दिवसांचं आहे. मी बारावीनंतर हे काम शिकायला निघाले तेव्हा तुम्ही मला पेढा दिलात आणि एक खोकं. मला वाटलं, आत टाळ असेल. मऊ रबरी तळव्याचे बूट निघाले. म्हणालात, तुझ्या चपला फार वाजतात, आजाऱ्याच्या खोलीत वाजवत जाऊ नकोस. ते बूट झिजून गेले, पण त्यानंतर मी टाचा वाजणारं काही कधी घेतलं नाही.

व्हायोलिन बंद केलं त्या रात्री मी संगीत शोधलं नाही. सर पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांच्या हाताची पट्टी सोडताना त्यांना विचारलं की हे फोटो तुम्ही काढले कसे. ते म्हणाले की डायबेटिस निघाला तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण घराभोवती फेऱ्या मारणं त्यांना जमेना. म्हणून मुलाचा जुना कॅमेरा गळ्यात घालून ते कुठेतरी जायचे. पापडीहून वटारपर्यंत, कधी पुढे कळंबपर्यंत, तिथून एसटीनं परत. आता पायात तेवढी ताकद नाही. "एकही फोटो थांबायचं म्हणून थांबून काढलेला नाही," ते म्हणाले. "चालताना दिसलं, काढलं, पुढे गेलो."

बाई, मध्यलय शिकवताना तुम्ही म्हणायच्या, बाजारात जाऊन यायची चाल ती. धावत नाही, रेंगाळत नाही, हातातली पिशवी हलते तेवढी हलू दे. मी आतापर्यंत त्या फोटोंना निसर्ग समजत होते. डोंगर, पाणी, आभाळ, म्हणून संथ आणि गंभीर काहीतरी शोधत होते. ते तर एका चालणाऱ्या माणसाचे फोटो होते. मग मला सतारीवरची एक मध्यलयीतली गत सापडली. तबला दबका, सूर साधे, कुठेही मोठा क्षण नाही. फोटो बदलण्याचा वेळही मी थोडा कमी केला. आणि ती लावण्याआधी मी एकेका खुर्चीजवळ जाऊन विचारलं, आज लावू का. पहिल्यांदा लोकांना गंमत वाटली. त्यांना इथे कुणी काही विचारत नाही. सुई लावू का असं मी कधी विचारते का? तरुण मुलगा म्हणाला, आवाज कमी ठेवणार असाल तर लावा. सर नुसते हसले. मावशींनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, पानी नाय ना? म्हटलं, नाही.

सगळ्यांचा आवाज हळूहळू थांबला. मशीनचे आवाज होते, पण तेही त्या तालात मिसळून गेल्यासारखे. थोड्या वेळानं मावशींच्या चादरीखालचे पाय हलायला लागले, दोन्ही अंगठे आळीपाळीनं. त्या म्हणाल्या, या चालीनं आम्ही डोक्यावर पाटी घेऊन निघायचो. घाई केली तर मासळी सांडते आणि उशीर केला तर गिऱ्हाइक जातं. मग पडद्यावर सुरूची झाडं आली आणि त्या म्हणाल्या, ही राजोडी. सर म्हणाले, कळंब. दोघांचं त्यावरून इतकं रंगलं की चार तास कधी संपले ते त्यांना कळलं नाही.

आता रोज विचारते. काही दिवस नाही म्हणणारे निघतात. परवा त्या मुलानंच सांगितलं, ताई, आज डोकं दुखतंय. मग कुणासाठीच लावलं नाही. फोटो मुकाट्यानं सरकत राहिले. मावशींना ते पटलं नव्हतं, एकासाठी सगळ्यांनी काय म्हणून, असं त्या पुटपुटल्या, पण त्यानंतर कुठल्या जागेचं नाव काय हे त्या हळू आवाजात सांगत राहिल्या आणि तो मुलगा डोळे मिटून ऐकत होता की झोपला होता, मला सांगता यायचं नाही. सर आणखी फोटो आणणार आहेत. डॉक्टर म्हणतात की दुपारच्या पाळीलाही हेच सुरू करू. मी म्हटलं, करा, पण विचारून.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला माहीत आहे. तुमची इमारत पाडून तिथे मोठा टॉवर झाला आहे. लिहून झालं की कपाटात ठेवीन. फक्त एक सांगते, आणि हे मी सरांना सांगणार नाही. ते आले की मला दर वेळी विचारतात की तुला कुठला फोटो आवडला, आणि मी काहीतरी ठोकून देते, केळीचा म्हणते, मिठागराचा म्हणते. टीव्ही माझ्या पाठीमागे असतो, बाई. मी सगळा वेळ माणसांच्या तोंडाकडे बघत असते. ते फोटो मी अजून एकदाही नीट पाहिलेले नाहीत.